ऑर्थोनंतर स्पोर्ट्स सर्जरीत जावं का? रोजचं काम नक्की कसं असतं?

अस्थिबंध

नमस्कार मंडळी. ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या शाखेची, रेसिडेन्सी संपत आलीय आणि पुढे काय हे आता ठरवावंच लागणार. मला स्वतःला आर्थ्रोस्कोपी (सांध्यात छोटी दुर्बीण, म्हणजे स्कोप, घालून करायची ऑपरेशनं) आणि स्पोर्ट्स इंज्युरी हाच भाग मनापासून आवडतो, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्कोपची केस लागली की ड्युटी नसली तरी मी तिथे जाऊन उभी राहते. पण कुणाला विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. ट्रॉमावाले म्हणतात हाडं मोडायची कधी थांबत नाहीत, काम कायम राहील. रिप्लेसमेंटवाले म्हणतात लोक जास्त जगतायत, गुडघे झिजणारच. आणि स्पोर्ट्सचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच पालुपद, अगं टीव्हीवर दिसणारे खेळाडू तुझ्याकडे थोडेच येणारेत.

मला टीव्हीवरच्या खेळाडूंचं काही पडलेलं नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की या कामातला माणूस आठवडाभर करतो काय? ऑपरेशनं किती, ओपीडी किती, मैदानावर जावं लागतं का, फेलोशिपमध्ये (रेसिडेन्सीनंतरच्या खास प्रशिक्षणात) नेमकं काय पदरात पडलं पाहिजे. आणि अजून एक, ऑर्थोत ताकद लागते, मुलींना झेपत नाही हे मला रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवसापासून ऐकवलं गेलंय. स्पोर्ट्समध्ये याला काही अर्थ आहे का? जे यात आहेत किंवा अशा सर्जनबरोबर काम करतात त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

दुसरापोर्टल

वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरी लिहितोय. बरीच वर्षं गुडघा आणि खांदा एवढंच करतोय, तर जे रोज दिसतं ते सांगतो.

आधी पेशंट कोण ते. नावाजलेले खेळाडू फार थोड्या सर्जनांच्या वाट्याला येतात आणि त्यांच्या जोरावर कुणाची प्रॅक्टिस चालत नाही. आपल्याकडे येतात ती कॉलेजच्या टीममध्ये खेळणारी पोरं, सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळून दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर जाणारे, चाळिशीत पळायला लागलेले, नाचणाऱ्या मुली, जिममध्ये खांदा दुखावून बसलेले. त्यांना त्यांचा खेळ तेवढाच जवळचा असतो, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या दिवशी एमआरआय काढून देणारी, रोज फिजिओ पुरवणारी टीम नसते, म्हणून तर त्यांना आपली जास्त गरज. सतरा वर्षांची मुलगी समोर बसलेली असते, सिलेक्शन तोंडावर आलेलं, गुडघा टम्म सुजलेला, आणि तिला तोंडावर सांगायचं असतं की हा सीझन गेला. ते कसं सांगायचं, किती सांगायचं, आईवडिलांसमोर सांगायचं की आधी तिला एकटीला, हे कुणी शिकवत नाही आणि माझ्या मते या कामातलं खरं कसब तिथेच लागतं.

वेळेचं म्हणशील तर आठवड्यातले दोनतीन दिवस ओटी, बाकी ओपीडी. बहुतेक केसेस ठरवून केलेल्या आणि पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाणारे, त्यामुळे ट्रॉमासारखी रात्रीची झोपमोड कमी. अगदीच नसते असं नाही, गुडघा पूर्ण निखळून आला तर मागची पॉप्लिटिअल आर्टरी, म्हणजे पायाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी, फाटलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो, किंवा ऑपरेशननंतर सांध्यात इन्फेक्शन झालं तर रात्री असली तरी स्कोप घालून धुवावंच लागतं.

पण तू जे विचारायला हवं होतंस आणि विचारलं नाहीस ते म्हणजे ऑपरेशन कुणाचं करायचं नाही. ओपीडीत आलेल्यांपैकी बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, हे ओळखणं आणि त्यांना पटवणं हेच मुख्य काम. फिनलंडमधली २०१३ सालची ट्रायल नीट वाच. झिजेमुळे मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची गादी) फाटलेले, ३५ ते ६५ वयाचे, आर्थ्रायटिस नसलेले १४६ पेशंट घेतले, काहींचा फाटका भाग खरोखर ट्रिम केला आणि काहींना स्कोप घालून फक्त बघितलं आणि ट्रिम केल्यासारखं दाखवलं, कुणाला काय केलं ते पेशंटला माहीत नाही. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नाही. त्याआधी २००२ साली झिजलेला गुडघा स्कोपने धुऊन साफ करण्याबद्दल असंच निघालं होतं, १८० पेशंटांमध्ये. हे माहीत असूनही पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टवर मेनिस्कस टिअर असं छापून आलं की तो ऑपरेशनची तारीख मागायलाच येतो. तिथे रिपोर्ट बाजूला ठेवून गुडघ्याला हात लावायचा, जिना उतरताना काय होतं विचारायचं, मांडीची ताकद बघायची आणि तीन महिने व्यायाम करून या म्हणून सांगायचं. हे सांगायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ज्याला हा वेळ वाया गेला असं वाटतं त्याने या लाइनीत येऊ नये.

एसीएलचंही (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तेच. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर ट्रायल झाली, २०१० ला छापून आली. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याला आधी रिहॅब (फिजिओकडचे व्यायाम) आणि गुडघा सटकायला लागला तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते आणि दुसऱ्या गटातल्या साठेक टक्के लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं.

मैदानबाजू

सर, त्या स्वीडनच्या ट्रायलबद्दल थोडं आडवं बोलतो. त्यात प्रोफेशनल खेळाडू घेतलेच नव्हते. आणि पाच वर्षांचा रिझल्ट आला तेव्हा रिहॅबवाल्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्या मुलाला फुटबॉल, बास्केटबॉलसारखा वळून, उडी मारून खेळायचा खेळ परत खेळायचाच आहे त्याला वाट बघायला लावली आणि मधल्या काळात गुडघा दोनचारदा सटकला तर चांगला मेनिस्कस हकनाक फाटतो. मी अशा पोरांच्या बाबतीत जास्त थांबायच्या विरुद्ध आहे.

बाकी मी स्वतः सर्जन आहे आणि टीमबरोबर मॅचला जातो, तर मैदानाचं सांगतो. तिथे तुमचं ऑपरेशनचं कौशल्य जवळजवळ कामाला येत नाही. तिथे लागतं ते आपण पीजी करताना विसरून गेलेलं सगळं. खेळाडू कुणाचा धक्का न लागता खाली कोसळला तर आधी हृदय, मग बाकी. जून २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला तेव्हा मैदानावरच सीपीआर झाला, शॉक दिला गेला, म्हणून तो वाचला आणि पुढे परत खेळलाही. त्यामुळे मॅचच्या आधी मी सगळ्यात पहिल्यांदा डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) कुठे ठेवलाय, तो चालू आहे का आणि अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येणार ते बघतो. डोक्याला मार लागला आणि कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, नुसती शंका आली तरी त्या दिवशी तो खेळाडू परत आत जात नाही, मग कोच कितीही ओरडू दे. मानेबद्दल शंका असेल तर कुणी त्याला उठवून बसवायचं नाही.

आणि औषधं. खांद्यात किंवा गुडघ्यात कॉर्टिझोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन आपण ओपीडीत सहज देतो. १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) नियमांत स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंद आहे, सांध्यातलं सुद्धा. खेळाडूला हे माहीत नसतं, तो तुमच्यावर विश्वास ठेवून हात पुढे करतो. तुमच्या एका इंजेक्शनने त्याच्यावर बंदी येऊ शकते, म्हणून देताना पुढची स्पर्धा कधी हे विचारलंच पाहिजे.

शेवटी प्रेशर. कोच विचारतो कधी खेळेल, मॅनेजर विचारतो, घरचे विचारतात, कधी खेळाडू स्वतःच दुखणं लपवतो. पगार टीम देते पण पेशंट खेळाडू असतो, आणि त्याच्या गुडघ्यात काय आहे हे त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नाही. हे ज्या दिवशी सोडून द्याल त्या दिवसापासून ड्रेसिंग रूममध्ये तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही.

दुसरापोर्टल

@मैदानबाजू बरोबर आहे तुमचं आणि वळून खेळायच्या खेळात परत जाणाऱ्या तरुण पोराचं ऑपरेशन मीही लांबवत नाही. माझा मुद्दा एवढाच की एसीएल फाटला म्हणजे ऑपरेशन ठरलंच असं डोक्यात धरून बसायचं नाही, समोरच्याला पुढे काय करायचंय ते आधी विचारायचं.

मेनिस्कस हकनाक फाटतो म्हणालात त्यावरून नवीन लोकांसाठी लिहितो, कारण आमच्या शाखेतला सगळ्यात मोठा धडा तोच आहे. एके काळी मेनिस्कस फाटला की अख्खा काढून टाकायचे, त्याचा काही उपयोग नाही असंच धरून चालायचे. १९४८ साली फेअरबँक या सर्जनने अशा गुडघ्यांच्या एक्सरेमध्ये दिसणारे झिजेचे बदल लिहून ठेवले आणि तरी पुढे कित्येक वर्षं अख्खे मेनिस्कस निघतच राहिले. तिकडे टोकियोत ताकागी या डॉक्टरने १९१८ मध्येच मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय बघायची दुर्बीण घालून बघितली होती. त्याचा शिष्य वातानाबे, त्याने गुडघ्यासाठी नीट वापरता येईल असा स्कोप घडवला आणि १९६२ मध्ये स्कोपमधून मेनिस्कसचा फक्त फाटलेला तुकडा काढून दाखवला. आता आपण त्याही पुढे आलोय, बाहेरच्या कडेला जिथे रक्तपुरवठा आहे तिथली फाट असेल तर शिवायचीच. शिवायला वेळ लागतो, पेशंटला जास्त काळ जपावं लागतं, काही वेळा ती शिवण टिकत नाही आणि परत आत जावं लागतं. ट्रिम केलं की पंधरा मिनिटांत काम होतं आणि पेशंट लवकर पळायला लागतो, खूशही होतो. पण तो वीस वर्षांचा असेल तर पस्तिशीत त्याचा गुडघा काय म्हणेल हा विचार आपणच करायचा असतो, त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

मांडीचीताकद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एसीएलचे पेशंट रोजचे. डॉक्टर नसले तरी लिहिते कारण ऑपरेशननंतर पेशंट सर्जनला अधूनमधून भेटतो आणि आम्हाला आठवड्यातून कित्येकदा.

ताई, तुम्ही यात गेलात तर एक नक्की करा, ऑपरेशन झाल्यावर फिजिओला फोन करा आणि आत काय केलंत ते सांगा. कुठला ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवायचा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी) घेतला, मेनिस्कस शिवलाय का, कुठल्या बाजूचा, किती वाकवायचं, वजन कधी टाकायचं. डिस्चार्ज कार्डवर नुसतं "फिजिओथेरपी" असं लिहून येतं तेव्हा आम्ही अंधारात चाचपडत असतो आणि नुकसान पेशंटचं होतं.

दुसरं तारखेचं. साधारण तिसऱ्या महिन्यात पेशंटला एकदम बरं वाटायला लागतं, सूज गेलेली, चालणं सरळ, जिना चढतोय, आणि इथेच घोळ होतो. कारण आत बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला रक्तपुरवठ्याशिवाय असतो, मग त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि हे चालू असताना तो बसवला तेव्हापेक्षा कमजोर झालेला असतो. म्हणजे पेशंटला गुडघा सगळ्यात चांगला वाटायला लागतो तेव्हाच ग्राफ्ट कच्चा असतो. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात नऊ महिन्यांपर्यंत परत खेळायला जाणं जितके महिने लांबलं तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्याने कमी झाला. पंचविशीच्या आतले जे परत खेळात जातात त्यांच्यात पुढे साधारण २३ टक्के जणांना पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या. हे आकडे मी पेशंटला पहिल्याच आठवड्यात सांगते.

म्हणून नुसतं कॅलेंडर बघून सोडू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के आली का, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडतोय का, आणि त्याला स्वतःला त्या पायावर भरवसा वाटतोय का. माझ्याकडे ताकदीत पास झालेली पोरं असतात आणि बॉल समोर आला की अंग चोरतात, ती अजून तयार नसतात. अशा वेळी मी थांब म्हणते आणि सर्जन म्हणतात नऊ महिने झाले, जा खेळ, मग माझ्या शब्दाला किंमत राहत नाही. आधी दोघांनी आपसात बोलून मगच पेशंटला एकच उत्तर द्यावं, एवढी कळकळीची विनंती.

अस्थिबंध

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. नको म्हणण्याबद्दल जे लिहिलंय ते माझ्या डोक्यातच नव्हतं, रेसिडेंटला ओटीतलंच दिसतं. फेलोशिपबद्दल आणि त्या ताकदीच्या मुद्द्याबद्दल कुणी लिहील का?

चारपदरीग्राफ्ट

अगं मी लिहिते, माझी फेलोशिप नुकतीच झालीय. ताकदीचं आधी निकालात काढू. स्कोपच्या कामात ताकद जवळजवळ लागत नाही. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात इन्स्ट्रुमेंट, आणि डोळे दोन्ही हातांकडे न बघता स्क्रीनवर. त्यातून आपला नेहमीचा स्कोप ३० डिग्रीचा, म्हणजे तो तिरका बघतो, जागेवर नुसता फिरवला तरी समोरचं चित्र बदलतं. सुरुवातीला इन्स्ट्रुमेंट सांध्यात आहे पण स्क्रीनवर सापडत नाही असं होतं, आणि सगळेच जोर लावायला जातात, तिथेच कार्टिलेज (हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कुर्चा) खरवडलं जातं. हे जोराने सुटत नाही, सवयीने सुटतं. पाय धरायला होल्डर असतो, असिस्टंट असतो. मला अडचण आली ती टेबलाच्या उंचीची, माझी उंची कमी आहे, स्टूल मागून घेतलं आणि झालं. लाजू नकोस मागायला.

हात कसा लागतो ते एका गोष्टीवरून सांगते. हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) ग्राफ्ट काढताना सेमिटेंडिनोसस हा त्यातला टेंडन सापडला की स्ट्रिपर (टेंडन सोलून काढायचं हत्यार) चढवून ओढायची घाई होते. पण त्या टेंडनपासून पोटरीच्या गॅस्ट्रॉकनेमियस स्नायूकडे जाणारे जाड पट्टे असतात. ते बोटाने आत चाचपून एकेक कापायचे. सगळे सुटले का हे बघायला टेंडन हळूच ओढायचा आणि नजर पोटरीवर ठेवायची, पोटरीला खळगा पडला तर अजून एखादा पट्टा शिल्लक आहे. तसाच स्ट्रिपर पुढे ढकलला तर तो त्या पट्ट्याच्या वाटेने जातो आणि टेंडन मधेच कापला जाऊन आखूड तुकडा हातात येतो. मग चार पदरी घडी घालायला लांबी पुरत नाही, ग्राफ्ट बारीक होतो, आणि ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट तुटायचं प्रमाण जास्त. बोटाला ही समज येईपर्यंत शेजारी उभं राहून सांगणारं कुणीतरी लागतं, फेलोशिप असते ती यासाठी.

फेलोशिप साधारण वर्षभराची असते, काही ठिकाणी कमीजास्त. निवडताना नावाकडे बघू नकोस, आधीच्या फेलोंना फोन कर आणि विचार की तुम्ही स्वतः काय केलंत आणि नुसतं काय बघितलंत. खांदा मिळतो का हेही विचार, कारण नुसता गुडघा शिकून बाहेर पडलीस आणि पहिल्याच महिन्यात वारंवार खांदा निखळणारा रग्बीवाला समोर आला तर त्याला नुसतं बँकार्ट (खोबणीच्या कडेचा सुटलेला मऊ भाग) शिवून भागेल की ग्लेनॉइडचं (खांद्याच्या खोबणीचं) हाड इतकं झिजलंय की लाटार्जे (तिथे हाडाचा तुकडा बसवायची सर्जरी) करावी लागेल हे ठरवता आलं पाहिजे. आणि फॉलोअप ओपीडी मिळालीच पाहिजे. मी जिथे होते तिथे दर आठवड्याला जुन्या ऑपरेशनचे पेशंट बसून तपासायला मिळायचे, आदल्या बॅचच्या फेलोंनी केलेले सुद्धा, कुणाचा गुडघा सरळ होत नाही, कुणाला नडगीच्या वर बधिरपणा राहिलाय, कुणाचा ग्राफ्ट सैल पडलाय. मला ओटीपेक्षा त्या ओपीडीने जास्त शिकवलं. जिथे फेलोला फक्त ओटीत वापरतात आणि फॉलोअप दुसरेच बघतात तिथे जाऊ नकोस.

पुन्हामैदानात

मी डॉक्टर नाही, हँडबॉल खेळते, एसीएलचं ऑपरेशन झालंय. पेशंटकडून एक सांगते. पहिल्या सर्जननी एमआरआय बघून दोन मिनिटांत तारीख दिली, माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. दुसऱ्यांनी विचारलं कुठल्या पोझिशनला खेळतेस, कुठल्या पायावर उडी घेतेस, पुढच्या दोन वर्षांत काय ठरवलंयस. मग दोन्ही पर्याय सांगितले आणि परत पहिल्यासारखं खेळशीलच अशी खात्री देता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. ते ऐकून घरी येऊन खूप रडले पण ऑपरेशन त्यांच्याकडेच केलं. आम्हाला खोटी आशा नको असते हो, खरं सांगून नंतर बरोबर राहणारा माणूस हवा असतो. रिहॅबच्या मधल्या महिन्यांत टीम पुढे निघून जाते, फोन कमी होतात, तेव्हा सर्जननी स्वतःहून कशी आहेस विचारलं होतं, ते मी विसरणार नाही.

अस्थिबंध

वाचून अंगावर काटा आला, थँक यू. ठरल्यात जमा आहे माझं. शेवटचं एकच, रेसिडेन्सीचे जे थोडे महिने उरलेत त्यात फेलोशिपच्या आधी काय करून ठेवू? स्कोपच्या सरावाचा सिम्युलेटर आहे आमच्याकडे पण तो बहुतेक वेळा कुलपात असतो.

दुसरापोर्टल

कुलूप उघडून घे, मागे लागून घे, तुझा हक्क आहे तो. पण त्याहून मोलाचं आणि फुकट मिळणारं सांगतो. स्कोपच्या केसला पेशंटला भूल दिली की ड्रेप (निर्जंतुक कापड) लावायच्या आधी मिनिटभर मिळतं, त्या वेळी सिनियरना विचारून दोन्ही गुडघे तपास. आधी चांगला. गुडघा वीस-तीस डिग्री वाकवून एका हाताने मांडी पक्की धर, दुसऱ्याने नडगी पुढे ओढ, चांगल्या गुडघ्यात ती एकदम ठाम थांबते. मग दुखरा, तिथे ओढत गेलं तरी शेवट मऊच लागतो. ही लॅकमन, एसीएल शाबूत आहे का बघायची टेस्ट. मग पिव्होट शिफ्ट, म्हणजे गुडघा वळवून सटकतो का बघायची टेस्ट, जागेपणी पेशंट घाबरून स्नायू आवळतो म्हणून नीट मिळत नाही, भुलीत मिळते. तुला काय वाटलं ते स्कोप आत जायच्या आधी कागदावर लिहून ठेव, एसीएल पूर्ण फाटलाय की अर्धवट, मेनिस्कस कुठल्या बाजूचा गेलाय. मग स्क्रीनवर ताडून बघ, आणि नंतर एमआरआयचा रिपोर्ट काढून तिघांचं जुळतंय का ते बघ. रोज कर. आणि ज्यांचा मेनिस्कस शिवलाय त्यांची नावं वेगळी लिहून ठेव, सहा आठवड्यांनी ते ओपीडीत येतील तेव्हा वॉर्डात काम असलं तरी खाली जाऊन त्यांचा गुडघा किती वाकतोय ते स्वतः बघून ये.